अतिरेकी हल्ल्यासाठी राखीव रुग्णवाहिका? आधी ट्रॉलीचं चौथं चाक बसवा

रात्रपाळी

'तटबंदी' यांचा कालचा लेख दोनदा वाचला, दोन्ही वेळा चहा गार झाला. मागणी थोडक्यात अशी: मुंबईतल्या प्रत्येक मोठ्या स्थानकाबाहेर फक्त अतिरेकी हल्ल्यासाठी राखून ठेवलेली बुलेटप्रूफ कार्डिॲक रुग्णवाहिका आणि त्यासाठी पालिकेच्या बजेटात वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं. सोबत ७ मे २०२५ च्या मॉक ड्रिलचे फोटो. जखमी झालेल्याच्या डोक्याला बँडेज, हातात मोबाइल.

मी पालिकेच्या रुग्णालयात तीस वर्षं सिस्टर होते, त्यातली अकरा कॅज्युअल्टीत. ११ जुलै २००६ ला ड्युटीवर होते. लोकलच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट. आमच्या दारात पहिली आली ती टॅक्सी. मग टेम्पो. मग रुळांलगतच्या वस्तीतली पोरं, चादरीची चार टोकं धरून. बुलेटप्रूफ काही नव्हतं हो, सोलापुरी चादर होती.

आधी पोचतात ते चालते-बोलते. त्यांनी ट्रॉल्या भरल्या. ज्यांचे पाय गेले होते ते मागाहून आले आणि फरशीवर राहिले. नाव विचारलं की माणूस नुसता तोंडाकडे बघायचा. स्फोटाने कानाचे पडदे फाटलेत, त्याला ऐकूच येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला अर्धा तास गेला. एकाला 'तू बरा आहेस, बाकावर बस' म्हणाले. दोन तासांनी त्याला श्वास घेववेना. फुप्फुसाला स्फोटाचा दणका बसला की असं होतं, हे मला त्या रात्री कळलं. कोणाला आधी बघायचं ते सांगणारे रंगीत टॅग नव्हते, कपाळाला चिकटपट्टी लावून पेनाने नंबर टाकले. आणि आमच्या नऊ ट्रॉल्यांपैकी चार तीन चाकांच्या.

माद्रिदला २००४ साली गाड्यांत स्फोट झाले तेव्हा हेच झालं, जवळच्या दोन रुग्णालयांवर मोठा लोंढा गेला. तेव्हा मला गाडी नको. धड ट्रॉल्या द्या, लाल-पिवळे-हिरवे-काळे टॅग द्या, टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) द्या, आणि कुठला पेशंट कुठे पाठवायचा हे ठरवणारा एक माणूस द्या ज्याचा फोन लागतो. रोजच्या अपघाताला जे धड चालतं तेच त्या दिवशी चालेल.

तटबंदी

म्हणजे पुढचा हल्ला होईपर्यंत चादरीवरच भागवायचं? वा! 'आमच्या वेळी' छाप प्रतिसाद अपेक्षितच होता.

हिशेबनीस

ताई, तुमच्या अनुभवाला नमस्कार. पण हे म्हणणं घेऊन मंत्रालयात गेलात तर पाचव्या मिनिटाला फाइल मिटते. मी वित्त विभागात हाडं झिजवली आहेत. मुंबई पालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार ४२७ कोटींचं, त्यात आरोग्याला ७ हजार ३८० कोटी. या समुद्रात तुमच्या टॅगचे दोन लाख कोण शोधणार? ज्याला लेखाशीर्ष नाही तो पैसा मार्चमध्ये पुनर्विनियोजनात, म्हणजे दुसऱ्याच खर्चाकडे वळवला जातो आणि एप्रिलमध्ये अधीक्षकांच्या केबिनला नव्या टाइल्स दिसतात. २६/११ नंतर राम प्रधान समिती नेमली ती पोलिसांचा प्रतिसाद तपासायला. मग फोर्स वन हे पोलिसांचं कमांडो पथक आलं, नऊशे कोटींच्या वर कॅमेऱ्यांचं कंत्राट आलं. रुग्णालयांच्या नावाने वेगळं पान उघडलंच नाही, तर त्यावर आकडा कुठून येणार?

दुसरं. 'रोजचं धड असलं की पुरे' हे खरं नाही. २६ जुलै २००८, अहमदाबाद: शहरातल्या स्फोटांचे जखमी सिव्हिलला येत होते आणि स्फोट तिथेच, ट्रॉमा सेंटरपाशी झाला. चार महिन्यांनी कामा रुग्णालयात बंदूकधारी शिरले. हायवेवरचा अपघात तुमच्या पाठोपाठ कॅज्युअल्टीत येत नाही. आणि तुमचा तो बाकावरचा माणूस? ते तरी रोजच्या अपघातात शिकायला मिळालं होतं का?

लोकल_८:०८

मुंबईच्या लोकलमार्गावर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. महिन्याला दोनशे. म्हणजे २००६ चा तो दिवस दर महिन्याला होतो, फक्त हप्त्याहप्त्याने. त्यावर लेख नाही, मेणबत्ती नाही. ज्याला बातमीमूल्य त्याला बजेट. रात्रपाळी ताईंना +१००.

माहीम_पूर्व

लोकल साहेब, माझा थोरला भाऊ त्या डब्यात होता. तुम्ही त्याला 'महिन्याची सरासरी' केलंत. चार रुग्णालयं फिरलो त्या रात्री, पावसात, फोन बंद. प्रत्येक ठिकाणी भिंतीला हाताने लिहिलेली यादी. तिसऱ्या यादीत 'अज्ञात पुरुष, निळा शर्ट' होता. तो माझा भाऊ नव्हता, पण तासभर मी तो माझा भाऊ धरून चाललो होतो. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या खटल्यातले बाराच्या बारा आरोपी सुटले म्हणून सांगितलं, तेव्हा घरात कोणी जेवलं नाही. आकडे तुम्हाला लखलाभ.

लोकल_८:०८

दुखवायचा हेतू नव्हता. पण मुंब्र्याला जून २०२५ मध्ये लोकलमधून पडून गेलेल्यांच्या घरीही कोणी जेवलं नसेल. एवढंच.

रात्रपाळी

माहीम_पूर्व, त्या याद्या आम्हीच लिहीत होतो. अक्षर वाईट होतं, हात थरथरत होते. माफ करा.

हिशेबनीस, अहमदाबादचा मुद्दा मान्य. आमच्या फाटकावर एक रखवालदार होता आणि तोही त्या रात्री ट्रॉली ढकलत होता. बाकावरच्या माणसाचंही बोललात ते खरं, झोंबलं. बुलेटप्रूफ गाडीचं मात्र मान्य नाही.

खरा_एमबीबीएस

सगळे गाडीवर बोलतायत, गाडीत कोण बसलंय ते बघा की. सरकारी रुग्णवाहिकांची १०८ सेवा जानेवारी २०१४ ला सुरू झाली, ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड. 'प्रत्येक गाडीत डॉक्टर' म्हणून केवढा डांगोरा! बहुतेक ठिकाणी डॉक्टर म्हणजे बीएएमएस. छातीत हवा भरलेल्या पेशंटला काय देणार, त्रिफळा? हल्ल्याच्या बजेटातला पहिला रुपया इथे खर्चा.

वैद्य_महाडकर

आलात का! वाटच बघत होतो. मी बीएएमएस, सहा वर्षं १०८ वर काढली, मुंबई-गोवा हायवेवर. तुम्ही एमबीबीएस लोक या पगारात, या खड्ड्यांत का येत नाही ते आधी सांगा. रात्री अडीचला कंटेनरखाली मोटारसायकल. पोराची मांडी फाटलेली, रक्ताची चिळकांडी. किटमध्ये टूर्निकेट नव्हतं. त्याच्याच मित्राचा पट्टा काढला, पान्याने पीळ घातला, आवळल्याची वेळ त्याच्या गालावर लिहिली. पाय वाचला नाही, पोरगा वाचला. दोन वर्षांनी पेढे घेऊन आला. त्रिफळा मागितला नाही त्याने.

खरा_एमबीबीएस

एका किश्श्यावर धोरण ठरत नाही. पट्ट्याने बहुतेक वेळा फक्त शीर दाबली जाते, रोहिणी चालूच राहते आणि रक्त वाढतं. नशीब तुमचं.

वैद्य_महाडकर

म्हणून तर पान्याने पीळ घातला म्हटलं! वाचता येतं की एमबीबीएसला तेवढं वगळतात?

टेम्स_काठी

इकडे लंडनमध्ये गाडीत बहुतेक वेळा डॉक्टर नसतोच, पॅरामेडिक असतात, आणि कोणाचं काही अडत नाही. उलट जास्त गाड्या, जास्त नियम असले की काय होतं ते मँचेस्टरला २०१७ मध्ये दिसलं. स्फोट झाला त्या दालनात पहिल्या तासात जेमतेम तीन पॅरामेडिक गेले, अग्निशमन दल दोन तासांनी उगवलं, कारण 'आत धोका आहे का' याचा निरोप कोणाला मिळत नव्हता. सामान होतं, लेखाशीर्षही होतं.

खरा_एमबीबीएस

अनिवासींनी ज्ञान पाजायला सुरुवात केली, आता धागा शंभरी गाठणार.

टेम्स_काठी

मी मुंबईत सायन रुग्णालयात इंटर्नशिप केली आहे, साहेब. तुमच्या आधी.

बिनपगारी_पंच

पॉपकॉर्न आणलेत. अवांतर: ॲलोपॅथीवाले आणि आयुर्वेदवाले मारामारीत जखमी झाले तर टॅग कुठल्या रंगाचा?

तटबंदी

धागा माझ्या लेखावर होता अशी नम्र आठवण. बॉस्टनला २०१३ मध्ये मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेवर दोन स्फोट झाले. अडीचशेच्या वर जखमी, आणि जिवंतपणी रुग्णालयात पोचलेला एकही दगावला नाही. हे राखीव तयारीमुळेच.

वैद्य_महाडकर

तटबंदी, तिथे शर्यतीसाठी तंबू, डॉक्टर, व्हीलचेअर आधीच हजर होते. पाय दमलेल्यांसाठी! आणि कितीतरी टूर्निकेट हाताला मिळेल त्याचीच केलेली होती. ताईंचंच म्हणणं सिद्ध केलंत, आभार.

हिशेबनीस

इतका वेळ दोघांचंही बोलणं टिपून घेतोय. टोकियोत १९९५ ला भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला, तेव्हा सेंट ल्यूक्स रुग्णालयात पहिल्याच दिवशी सहाशेच्या वर लोक आले, बहुतेक आपल्या पायांनी नाहीतर मिळेल त्या वाहनाने. तिथे चॅपलच्या आणि कॉरिडॉरच्या भिंतीतही ऑक्सिजनच्या जोडण्या आधीच बसवून ठेवल्या होत्या. आता सांगा, ते रोजचं की राखीव?

रात्रपाळी

भिंतीतलं आहे. भिंत कोणी मार्चमध्ये वळवू शकत नाही.

हिशेबनीस

बरं, तुमची भाषा मला कळायला लागली म्हणा. राखीव गाडीचा हट्ट सोडतो, तो माझा नव्हताच. लेखाशीर्ष मात्र सोडत नाही. त्याखाली टॅग, टूर्निकेट, फाटकावर दोन माणसं, वर्षातून दोन ड्रिल. रात्री, न सांगता. आणि तुमच्या ट्रॉल्या 'आपत्कालीन साधनसामग्री' म्हणून बसवतो. चालेल?

रात्रपाळी

चालेल. पण नव्या ट्रॉल्या आल्या की स्टोअरला कुलूप लागतं आणि किल्ली साडेपाचला घरी जाते. त्याचं लेखाशीर्ष कुठलं?

तटबंदी

माझा लेख पुन्हा वाचलात तर कळेल, मी 'साधनसामग्री' असा शब्द वापरला होता.

माहीम_पूर्व

महाडकर, ते टूर्निकेट मेडिकलच्या दुकानात मिळतं का? रोज चर्चगेट फास्ट पकडतो. बॅगेत ठेवीन म्हणतो.

वैद्य_महाडकर

मिळतं, पण बारक्या रबरी पट्ट्या देतात रक्त काढायच्या, त्या घेऊ नका. पीळ द्यायची दांडी असलेलं बघा. शनिवारी दादरला असतो, भेटा, बांधायचं कसं ते दाखवतो. खऱ्या एमबीबीएसनीही यायला हरकत नाही.