अनुभव धागा : वाळवंटी घळीतला मुक्कामी ट्रेक आणि पाण्याचा हिशेब

टिळकवाडी, बेळगाव (धागा सुरू करणारी)

भाचीला पारिया कॅन्यनचा परवाना मिळालाय. अमेरिकेत युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरची ही वाळूच्या खडकातली घळ. व्हाइट हाउस नावाच्या सुरुवातीच्या जागेपासून लीज फेरी या शेवटच्या ठिकाणापर्यंत सुमारे ६१ किलोमीटर, चार-पाच दिवसांची चाल. ऑक्टोबरात मी आणि माझी थोरली बहीण तिच्यासोबत जाणार आहोत. आमचं आजवरचं हिंडणं आंबोली, चोर्ला, जांबोटी या पट्ट्यातलं. कोरड्या मुलखात पाठीवर बिऱ्हाड घेऊन कधी चाललो नाही.

म्हणून हे आग्रहाचं बोलावणं, इथल्यांना आणि इथून बाहेर गेलेल्यांनाही. त्या घळीत गेला असाल तर उत्तमच. नसाल तरी पाणी, ऊन, पूर, लांबची पायपीट यातलं जे स्वतः अनुभवलंय ते लिहा. सामानाच्या याद्या खूप वाचल्या, आता माणसांचं ऐकायचंय.

फिनिक्स (माहेर शहापूर)

ताई, ऑक्टोबर निवडलात ते बरं केलंत. जुलै ते सप्टेंबर तिकडे वादळी पावसाचे दिवस, तेव्हा त्या घळीत पाऊल टाकू नये. मी वसंतात गेले होते.

आधी परवान्याचं. मुक्कामासाठी दिवसाला फक्त २० जणांना सोडतात आणि एका गटात जास्तीत जास्त १०. शेकोटीला बंदी आहे. विष्ठासुद्धा खास पिशवीत बंद करून सोबत बाहेर आणावी लागते. हे बहिणीला इथेच नीट सांगा, तिथे पहिल्या सकाळी नको. सुरुवात एकीकडे आणि शेवट दुसरीकडे, त्यामुळे गाडी लीज फेरीला लावून शटलने व्हाइट हाउसला येण्याची सोय आधी ठरवा.

आता पाणी. सारी आखणी त्याच्याभोवतीच करा. नदी सोबत असते, तिच्यातूनच दिवसभर चालायचं असतं, पण ते पाणी इतकं गढूळ की फिल्टर लगेच तुंबतो. प्यायचं ते कड्यातून पाझरणाऱ्या झऱ्यांचं, तेही गाळूनच. पहिला भरवशाचा मोठा झरा, बिग स्प्रिंग, साधारण १९ किलोमीटरवर आहे. तोवर जे प्याल ते पाठीवरून नेलेलं. आम्ही माणशी दिवसाला चार लिटर धरलं होतं, म्हणजे नुसत्या पाण्याचं चार किलो ओझं. शेवटचा झरा सुमारे ४० किलोमीटरवर. तिथून लीज फेरीपर्यंत वीसेक किलोमीटर भरवशाचं पाणी नाही, आणि नेमकी तिथेच घळ रुंद होते, सावली सुटते. आम्ही त्या झऱ्याजवळ मुक्काम करून, सगळ्या बाटल्या भरून, उजाडायच्या आत निघालो. तुम्हीही तसंच करा.

गोकाक

मी अमेरिका पाहिली नाही, पण पुराबद्दल बोलायचा हक्क आम्हा गोकाककरांना आहे. धबधब्याजवळ घटप्रभा जवळपास ५२ मीटर खाली कोसळते आणि पुढे घळीत शिरते. आमच्याकडे पाऊस तसा बेताचा. पण घाटमाथ्यावर धो-धो लागला, आंबोलीकडून हिरण्यकेशी भरून आली, की इथे कोरड्या अंगणात उभं राहून नदी चढताना बघायची. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गल्लीत पाणी शिरलं. गोकाकात पाऊस किती झाला हे विचारण्यात अर्थच नव्हता.

वाळवंटातल्या घळीत हेच घडतं, फक्त फार वेगानं. तिथे उघडा खडक, पाणी मुरत नाही, सगळं एकदम अरुंद फटीत येतं. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ जण असेच गेले. पाऊस पडला होता तो लांब, वरच्या अंगाला. म्हणून ताई, जवळच्या पेज गावाच्या हवामानावर थांबू नका. पारिया ब्राइस कॅन्यनच्या बाजूनं येते, तेव्हा तिकडचंही हवामान रोज बघा आणि निघायच्या दिवशी तिथल्या कार्यालयात विचारा. चालताना कड्यावर अडकलेले ओंडके दिसतील. ते जिथे आहेत तिथवर पाणी चढलेलं असतं. तंबू त्याहून वर लावा, आणि रात्र अरुंद पट्ट्यात काढू नका, कितीही दमलात तरी.

खानापूर

ओल्या पायांचं सांगतो. भीमगडच्या बाजूला ओढे तुडवत दिवस काढलेत. चामड्याचे जड बूट नकोत, पाणी निथळणारे जाळीचे बूट घ्या. मोज्यात वाळू गेली की थांबायचं आणि झटकायची, पुढच्या वळणावर बघू म्हणायचं नाही. मुक्कामाला पोचल्यावर पाय पुसून पूर्ण कोरडे करा आणि झोपण्याचे मोजे वेगळे ठेवा.

बेळगाव, नर्स

सगळे पाणी प्या, पाणी प्या म्हणतात. मिठाचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. दिवसभर घाम गाळून नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. ऊन लागल्यासारखंच दिसतं, म्हणून सोबतचे आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती बिघडते. ओआरएसची पाकिटं न्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा आणि दर थोड्या वेळानं खारट काहीतरी खा. बहिणीला रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना या प्रवासाबद्दल नक्की विचारा. काही गोळ्यांनी लघवी वाढते, पाण्याचा सगळा हिशेब बदलतो.

अथणी

खायचं मी सांगतो. पायी पंढरपूरला जाताना आमच्या घरातनं कडक भाकरी बांधून देत्यात. ज्वारीची, पातळ थापून पार कुरकुरीत होईपर्यंत भाजलेली. कितीक दिवस नासत नाही, वजनाला हलकी, शिजवायचं काम नाही. संगं शेंगाची चटणी, तीत मीठ, तिखट, लसूण असतंय, वरच्या ताईंनी सांगितलेलं मीठबी त्यातच आलं. चटणी कोरडी करा, ओलं खोबरं नको. भाकरीचा चुरा झाला तरी बिघडत नाही. पण कोरडं खाणं पाणी मागतंय, हे ध्यानात ठेवून घोट मोजा.

निपाणी

घळीत मोबाइल चालत नाही. कुठल्या रात्री कुठे मुक्काम, कधी बाहेर येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे कागदावर लिहून घरी द्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र तिकडेच भाड्यानं घ्या आणि तिकडेच परत करा. आपल्या देशात विनापरवाना असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर लोक अडकलेत.

टिळकवाडी, बेळगाव

किती मनापासून लिहिताय सगळे! भडंगाचा बेत रद्द, कडक भाकरी नक्की. फिनिक्सच्या ताईंना एक विचारायचंय. भाची म्हणते, बकस्किन गल्चमधून शिरू या, ती जगातल्या सर्वांत लांब अरुंद घळींपैकी एक आहे. काय करावं?

फिनिक्स (माहेर शहापूर)

भाचीचा हट्ट समजतो, मलाही झाला होता. पण जड पिशवीनिशी पहिल्याच दिवशी नको. आत थंडगार पाण्याची डबकी साचलेली असतात, कधी छातीपर्यंत. ऊन पोचत नाही, अंग काकडतं. पाणी आलं तर वर निघायला वाट जवळपास नाहीच. व्हाइट हाउसनेच आत जा. साधारण ११ किलोमीटरवर बकस्किन पारियाला येऊन मिळते. तिथे आभाळ स्वच्छ असेल, सकाळी कार्यालयानं धोका नाही म्हटलेलं असेल, तर जरा आत जाऊन बघून या. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात अशाही जागा आहेत. मग परत फिरा आणि उजेड असेतो मुक्कामाची उंच जागा गाठा. आणि थर्मामीटर, ओआरएस, सगळ्यांची औषधं भाचीच्या एकटीच्या पिशवीत ठेवू नका, तिघींत वाटून घ्या.