४४ विमानं पाडणारा दुकोवत्स आणि विमान घेऊन निघून जाणारा पेरेशिन: शूर कोणाला म्हणायचं?

मुळशीकर (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या क्रोएशियन लढाऊ वैमानिकांबद्दल वाचायला घेतलं की पहिलं नाव येतं मातो दुकोवत्सचं. पाडलेली विमानं ४४. कोणी ४० धरतं, कोणी ४५, पण पहिला नंबर त्याचाच. त्याच्या मागे त्स्वितान गालिच, ३८. पाच विमानं पाडणाऱ्याला 'एस' म्हणायची पद्धत आहे, त्या हिशेबाने हे दोघे कुठल्या कुठे गेले. मीही हे आकडे वाचून काही वर्षं भारावलेलो होतो. आता नाही, आणि का नाही ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

६ एप्रिल १९४१ ला जर्मनीने युगोस्लाव्हियावर हल्ला केला. १० एप्रिलला झाग्रेबमध्ये 'स्वतंत्र क्रोएशिया राज्य' जाहीर झालं आणि सत्ता आंते पावेलिचच्या उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेकडे गेली. नाव स्वतंत्र, पण दोरी बर्लिन आणि रोमच्या हातात. त्याच उन्हाळ्यात या राज्याने आपल्या वैमानिकांची एक तुकडी जर्मनांच्या मदतीला रशियाच्या आघाडीसाठी उभी केली. लढाऊ विमानांची तुकडी जर्मन हवाईदलाच्या जेजी ५२ या दलात सामील झाली. जर्मनांचा विक्रमवीर वैमानिक एरिक हार्टमान ज्या दलात होता तेच हे दल. विमानं मेसरश्मिट १०९, गणवेश जर्मन, विमानावर जर्मन क्रूस आणि स्वस्तिक, आणि सोबत क्रोएशियन तुकडीचं ढालीच्या आकाराचं छोटं चिन्ह.

ती ४४ विमानं सोव्हिएत होती. युक्रेन, क्रिमिया, कुबानच्या आकाशातली. म्हणजे ज्यांच्या देशावर आक्रमण झालं होतं, त्यांची.

आणि हे चालू असताना मागे घरी यासेनोवत्सची छावणी चालू होती. सर्ब, ज्यू, रोमा आणि विरोधातले क्रोएशियन तिथे मारले गेले. तिथल्या स्मारकाच्या यादीत आज ८३,१४५ नावं आहेत. दुकोवत्सने त्या छावणीत पाऊल ठेवलं असं मी म्हणत नाही. पण त्याचं विमान ज्या राज्याच्या नावाने उडत होतं, ते राज्य हेच.

याच्याशेजारी मी रुडॉल्फ पेरेशिनला ठेवतो. पन्नास वर्षांनंतरचा, युगोस्लाव्हिया फुटून क्रोएशियाशी युद्ध पेटलं तेव्हाचा, युगोस्लाव्ह हवाईदलातला मिग-२१ चा वैमानिक. २५ ऑक्टोबर १९९१ ला तो बिहाचजवळच्या झेल्यावा तळावरून उडाला आणि टेहळणीचं मिग-२१ घेऊन थेट ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टला उतरला. मी क्रोएशियन आहे, क्रोएशियन लोकांवर गोळी चालवणार नाही, अशा अर्थाचं तो उतरल्यावर बोलला. त्याच्या नावावर एकही पाडलेलं विमान नाही.

माझं म्हणणं एवढंच की पाडलेल्या विमानांचा आकडा शौर्याचं माप म्हणून वापरणं आपण सोडून द्यावं. वैमानिकाने नाक कोणाच्या दिशेने वळवलं आणि कोणाच्या दिशेने वळवायला नकार दिला, हे आधी बघावं. मतं येऊ द्या, विरोधी असली तरी.

गरुडमाची

असहमत. तुम्ही राज्याचा गुन्हा वैमानिकाच्या खात्यावर लिहिताय.

१९४१ मध्ये दुकोवत्स बावीस-तेवीस वर्षांचा होता. युगोस्लाव्ह लष्करी शिक्षण घेतलेलं पोरगं. त्याचा देश अकरा दिवसांत कोसळला. पुढे उरलेले पर्याय काय? कैद, घरी बसणं, किंवा जे हवाईदल समोर उभं राहिलं त्यात जाणं. आज पुण्यात बसून आपण त्याला चौथा पर्याय सुचवतो, हे सोपं आहे.

आणि कौशल्य ही वेगळी गोष्ट आहे, ती मान्य करायला कसली अडचण? पूर्व आघाडीवर खालून इल-२ या सोव्हिएत हल्लेखोर विमानांची झुंड येते, वर त्यांची याक लढाऊ विमानं फिरतायत, हिवाळ्यात इंजिन सुरू करायला त्याच्याखाली शेकोटी करावी लागते, आणि अशा ठिकाणी माणूस चाळिसावर विमानं पाडून जिवंत परततो. हे नशिबावर होत नाही. शत्रूला आधी बघणं, सूर्य पाठीशी घेणं, शंभर मीटरपर्यंत थांबून मगच गोळी झाडणं, ही विद्या आहे. मी विमानांची मॉडेल्स बनवतो. माझ्या कपाटात क्रोएशियन ढाल असलेलं १०९ आहे आणि ते ठेवताना मला अपराधी वाटत नाही.

कर्णाबद्दल आपण काय म्हणतो? तो चुकीच्या बाजूने लढला म्हणून त्याचा बाण कमी लागत होता का?

शेवटचा बाक

आकड्यांबद्दल थोडं. ४४ म्हणजे ४४ विमानं खरोखर जमिनीवर आदळली असं समजू नका. हे दावे असतात. झटापटीत एकाच विमानावर दोघं-तिघं गोळ्या झाडतात, ते धूर सोडत ढगात शिरतं, आणि खाली तळावर प्रत्येकाच्या नावावर एक-एक चढतं. धूर सोडणारं विमान पुष्कळदा घरीही पोचतं. जर्मन साक्षीदार मागत, तरी दोन्ही बाजूंचे कागद जुळवले की बहुतेक वैमानिकांचा आकडा कमीच होतो. हे सगळ्याच देशांचं आहे, क्रोएशियनांवर वेगळा ठपका नाही.

तेव्हा मूळ मुद्द्यावर मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. नैतिक माप राहू दे, हे माप मोजमाप म्हणूनसुद्धा कच्चं आहे.

कोकणकडा

गरुडमाची, कर्णाचं उदाहरण इथे बसत नाही. कर्णाला आपली बाजू कोणती ते शेवटपर्यंत माहीत होतं आणि तो मरेपर्यंत तिथेच राहिला. दुकोवत्सचं तसं नाही.

२० सप्टेंबर १९४४ ला तो सोव्हिएतांकडे निघून गेला. ज्यांची विमानं पाडली त्यांच्याकडेच! तिथे आणि मग नव्या युगोस्लाव्ह हवाईदलात त्याने शिकवण्याचं काम केलं. १९४५ मध्ये तिथूनही पळून इटलीत. पुढे सीरियाच्या हवाईदलात कॅप्टन, १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात उड्डाणं. शेवटी कॅनडा, आणि १९९० मध्ये टोरोंटोत मृत्यू. चार वर्षांत चार झेंडे. यात मला निष्ठा कुठे दिसत नाही. उत्तम पायलट दिसतो, ज्याला उडायला विमान हवं होतं.

आणि 'पर्याय नव्हता' हे तर अजिबात पटत नाही, कारण पर्याय घेणारी माणसं त्याच हवाईदलात होती. २१ मे १९४२ ला फ्रान्यो क्लूझ आणि रुडी चायावेत्स या दोघांनी बान्या लुकाहून उस्ताशा राज्याची दोन जुनी विमानं उडवली, एक पोतेझ २५ आणि एक ब्रेगे १९, आणि प्रियेदोरजवळ पार्टिझनांच्या, म्हणजे जर्मन आणि उस्ताशांविरुद्ध लढणाऱ्या गनिमांच्या, ताब्यातल्या मैदानावर नेऊन उतरवली. दोन पंखी, उघड्या कॉकपिटची, १९२० च्या दशकातली विमानं. समोर जर्मन हवाईदल. तरी त्यांनी त्याच विमानांनी हल्ले चढवले. चायावेत्स त्याच उन्हाळ्यात गेला. पकडलं जाऊ नये म्हणून त्याने स्वतःलाच संपवलं. क्लूझ पुढे ब्रिटिश हवाईदलाच्या ३५२ क्रमांकाच्या युगोस्लाव्ह स्क्वाड्रनमध्ये स्पिटफायर उडवू लागला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये ओमिशवरच्या हल्ल्यात पडला. युगोस्लाव्हिया होता तोवर २१ मे हा हवाईदल दिन होता, तो या दोघांमुळे.

हे दोघे बोस्नियातले. त्यांना कोणी सुचवायला गेलं नव्हतं.

गरुडमाची

कोकणकडा, क्लूझबद्दल पूर्ण आदर. पण तुम्ही १९४४ च्या दुकोवत्सला संधिसाधू ठरवताय आणि १९४२ च्या क्लूझला वीर. दोघांनीही विमान घेऊन बाजू बदलली. फरक फक्त तारखेचा?

कोकणकडा

हो, तारखेचाच. मे १९४२ मध्ये जर्मनी जिंकत होती. सप्टेंबर १९४४ मध्ये रशियन रणगाडे बेलग्रेडच्या वाटेवर होते. बुडत्या जहाजातून उडी मारणं आणि भरसमुद्रात मारणं यात फरक आहे.

हवं तर मधलं उदाहरण घ्या. याच रशियातल्या तुकडीतून मे १९४३ मध्ये निकोला वुचिना आणि पाठोपाठ अल्बिन स्टार्त्स आपापली १०९ घेऊन सोव्हिएत बाजूला उतरले. दुकोवत्स तेव्हा त्याच तुकडीत होता. म्हणजे दार उघडं होतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर लोक त्यातून बाहेर पडले. तो आणखी सव्वा वर्ष थांबला.

सांजवेळ

मला इथे आझाद हिंद सेना आठवल्याशिवाय राहत नाही. नेताजीही जर्मनीत होते, तिथे भारतीय युद्धकैद्यांची तुकडी उभी राहिली, त्यांच्याही गणवेशावर जर्मन खुणा होत्या. आपण त्यांना देशद्रोही म्हणत नाही. उलट लाल किल्ल्यातल्या खटल्याच्या वेळी सगळा देश त्यांच्या पाठीशी उभा राहिला. मग क्रोएशियातल्या एखाद्या घरात आजोबांचा १०९ सोबतचा फोटो भिंतीवर असेल, तर त्यांना आपण कोणत्या तोंडाने बोलायचं? बेलग्रेडच्या राजाचं राज्य, म्हणजे युगोस्लाव्हिया, त्यांना परकंच वाटत होतं.

मी समर्थन करत नाहीये. पण धागाकर्त्यांनी याचं उत्तर द्यावं.

मुळशीकर (धागाकर्ता)

सांजवेळ, हा प्रश्न मला रास्त वाटतो. दोन दिवस विचार करून लिहितोय.

आझाद हिंद सेनेने आपल्याच गावातल्या शेजाऱ्यांना धर्म बघून छावणीत घातलं नाही. हा फरक माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा आहे. परक्या सत्तेविरुद्ध चुकीच्या मित्राची मदत घेणं ही एक गोष्ट. त्या मित्राच्या बळावर स्वतःच्या भूमीवरचे लोक संपवणं ही दुसरी. उस्ताशांनी दुसरी केली. तिसरंही आहे. दुकोवत्सची तुकडी क्रोएशियाच्या आकाशाचं रक्षण करायला गेलीच नव्हती, ती हजार-दीड हजार किलोमीटर लांब दुसऱ्याच्या भूमीवर होती.

फोटो भिंतीवर राहू दे. आजोबा आजोबाच असतात. माझा आक्षेप घराला नाही, याद्यांना आहे, जिथे आकडा असतो आणि बाकी काहीच नसतं.

ओझरचा वारा

वडील ओझरला मिग-२१ च्या कामावर होते, त्यामुळे हे विमान आमच्या घरातलंच. म्हणून पेरेशिनच्या बाजूबद्दल लिहितो, आणि माझं मत इथे कोणालाच आवडणार नाही.

पेरेशिनने शपथ मोडली. युगोस्लाव्ह हवाईदलाचा अधिकारी, सरकारी विमान घेऊन परदेशात उतरला. उद्या आपल्याकडचा कोणी असं करेल तर आपण त्याच्या नावाने शाळा काढू का? झादरमधलं हवाईदलाचं प्रशिक्षण केंद्र आज पेरेशिनच्या नावाने आहे. तो जिंकलेल्या बाजूचा होता म्हणून. लष्कर शपथेवर चालतं. प्रत्येक वैमानिक स्वतःच्या मनाला विचारून ट्रिगर दाबायला लागला तर हवाईदल उरत नाही.

कोकणकडा

ओझरचा वारा, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार'वरच्या नौसैनिकांनीही शपथच मोडली होती. त्यांना आपण काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे.

आणि शपथ पाळणाऱ्यांनी काय केलं तेही बघा. ७ ऑक्टोबर १९९१ ला युगोस्लाव्ह हवाईदलाच्या विमानांनी झाग्रेबच्या मधोमध बान्स्की द्वोरीवर, म्हणजे क्रोएशियाच्या अध्यक्षांच्या वास्तूवर, हल्ला केला. आत अध्यक्ष तुजमान होते, आणि युगोस्लाव्हियाचे पंतप्रधान मार्कोविचही होते! स्वतःच्याच पंतप्रधानावर. पुढे ७ जानेवारी १९९२ ला युगोस्लाव्ह मिग-२१ ने युरोपीय निरीक्षकांचं नि:शस्त्र हेलिकॉप्टर पाडलं, पाच माणसं गेली. पेरेशिन गेला तेव्हा पहिली घटना घडून अठरा दिवस झाले होते. ज्या देशाची शपथ घेतली तो देशच शिल्लक नव्हता.

म्युनिकहून मकरंद

माझ्या शेजारच्या टेबलावर पूर्व क्रोएशियातली एक सहकारी बसते. हा धागा तिला तोंडी भाषांतर करून ऐकवला. ती म्हणाली, तुम्ही लोक जेटबद्दलच का बोलताय?

मग तिने आंतोनोव्ह-२ ची हकीकत सांगितली. मला ठाऊक नव्हती, म्हणून इथे देतोय. १९९१ च्या शरद ऋतूत पूर्व क्रोएशियातलं वुकोवार शहर वेढलेलं होतं आणि क्रोएशियाकडे लढाऊ विमान एकही नव्हतं. होती ती शेतावर औषध फवारणारी आंतोनोव्ह-२. एक इंजिन, दोन मजली पंख, वेग आपल्या द्रुतगती मार्गावरच्या गाडीपेक्षा थोडा जास्त. ओसियेकजवळच्या चेपिनच्या धावपट्टीवरून ती रात्री उडायची. घरातल्या पाणी तापवायच्या बॉयलरच्या टाक्यांमध्ये स्फोटकं भरून बॉम्ब केलेले, आणि ते दारातून हातांनी ढकलायचे. वेढ्यातल्या लोकांसाठी सामानही याच विमानांनी टाकलं. दिवे बंद, खाली विमानविरोधी क्षेपणास्त्रं. २ डिसेंबर १९९१ ला त्यातलं एक विमान पाडलं गेलं, आतले चौघेही गेले.

फवारणीच्या विमानात बसून क्षेपणास्त्रांवरून जाणारी ही माणसं कुठल्याच 'एस' यादीत नाहीत. सहकारी म्हणाली, तिच्या आईला रात्रीचा तो घरघर आवाज अजून आठवतो.

शेवटचा बाक

मकरंद, हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात मोलाचा.

यावरून आणखी एक. १९९१ ते ९५ मध्ये क्रोएशियन वैमानिकांची विमानाशी विमान अशी लढत जवळजवळ झालीच नाही. पेरेशिननंतर दानियेल बोरोविच ४ फेब्रुवारी १९९२ ला मिग-२१ घेऊन क्रोएशियातल्या पुला शहरात उतरला, मे महिन्यात इवान सेलाक आणि इवित्सा इवांदिच आले, आणि एवढ्यावर नवं हवाईदल उभं राहिलं. जवळपास सगळी कामगिरी जमिनीवरच्या लक्ष्यांवर, खालून येणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या छायेत. पेरेशिन स्वतः २ मे १९९५ ला सावा नदीजवळ स्तारा ग्रादिश्काच्या भागात असाच पाडला गेला. मृतदेह घरी यायला १९९७ उजाडलं.

गरुडमाची

मग हेही लिहा. ७ ऑगस्ट १९९५, बोस्नियातला पेत्रोवात्सचा रस्ता. क्रोएशियातून निघालेल्या सर्ब निर्वासितांच्या ताफ्यावर हवाई हल्ला, चार मुलांसह नऊ माणसं गेली. सर्बियाने क्रोएशियन अधिकाऱ्यांवर खटला भरला आहे, क्रोएशिया आरोप मान्य करत नाही. मुळशीकर, तुमचं माप 'नाक कोणाच्या दिशेने वळवलं' हे आहे ना? मग पेरेशिनने ज्या हवाईदलाचा पाया घातला त्याला ते लावा. एकाच बाजूला लावू नका.

मुळशीकर (धागाकर्ता)

लावतो. त्या रस्त्यावर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या कुटुंबांवर ज्याने बॉम्ब टाकले तो कोणीही असो, कोणत्याही ढालीचं विमान असो, त्याला मी शूर म्हणणार नाही. पेरेशिन तेव्हा तीन महिन्यांपूर्वीच गेलेला होता, पण त्याच्या मागे मी हा प्रश्न लपवणार नाही. मूळ लेखात ही घटना यायला हवी होती, राहिली, ती चूक माझी.

मात्र दुकोवत्सबद्दलचं मत बदललेलं नाही. वुचिना आणि स्टार्त्स गेले त्या मे महिन्यात तोही त्याच आघाडीवर होता, त्याच विमानात होता, आणि तेवढंच पेट्रोल त्याच्याकडेही होतं.

गरुडमाची

माझं १०९ कपाटातच राहील. पण मकरंद, त्या आंतोनोव्हचे रंग आणि खुणा तुमच्या सहकारीला किंवा तिच्या आईला आठवत असतील तर विचारून सांगाल का? ते विमान मला बनवायचं आहे.