नागीण झाली होती? तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आईला (वय ६८, आम्ही नौपाड्यात राहतो) नागीण झाली. आधी तीन दिवस डाव्या बरगडीखाली नुसती आग, अंगावर काही नाही. उसण भरली असेल म्हणून मी बाम चोळत राहिले. चौथ्या दिवशी पाठ पुसताना पाणी धरलेल्या फोडांचा पट्टा दिसला, मणक्यापासून निघून पुढे छातीच्या मध्यावर थांबलेला. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दबून असतो, वय झालं की त्याच तंतूच्या वाटेने वर येतो, म्हणून एकच बाजू, असं डॉक्टर म्हणाले. ॲसायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ, दिवसातून पाचदा, सात दिवस. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं, म्हणून निभावलं. पण बघायला येणाऱ्या बायका "तोंडाला तोंड भिडलं की संपलं", म्हणजे पट्ट्याची दोन टोकं जुळली की माणूस जातो, असं आईसमोरच बोलायच्या. आई रात्री उठून आरशात पट्टा किती सरकला ते बघायची. तुमच्याकडे औषध कधी सुरू केलं, दुखणं किती दिवस राहिलं, सगळं लिहा.

ऐरोली :
ताई, आम्ही चुकलो. बाबांना (७२, मधुमेह) कमरेवर उठली. गावाहून काका आले, त्यांनी नागीण उतरवणारा गाठला. गेरूचा लेप, मंत्र. त्यात पाच दिवस गेले. फोडांत पू झाला, तेव्हा दवाखाना. खपल्या तीन आठवड्यांत पडल्या, दुखणं सात महिने झाले तरी आहे. पंख्याचा वारा सोसत नाही. पायजम्याची नाडी बांधवत नाही, धुऊन धुऊन मऊ झालेली जुनी लुंगी सैल गुंडाळतात. रात्री प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) घेतात. झोप लागते, पण सकाळी तोल जातो, बाथरूमला मी हात धरून नेतो. त्या पाच दिवसांत मी रोज ऑफिसला जात राहिलो, हे मनातून जात नाही.

नेरुळ :
मला कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले. शेंड्यावर आले की डोळ्याला धोका, म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. नजर वाचली. डोळ्याजवळ दिसली तर सकाळची वाट बघू नका.

कळवा :
मला ३४व्या वर्षीच झाली. बहीण गरोदर, तिला कांजिण्या कधी झालेल्या नाहीत. फोडांतल्या पाण्यामुळे तिला नागीण नाही, पण कांजिण्या होऊ शकल्या असत्या. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तिच्या घरी गेले नाही. डोहाळजेवण चुकलं.

नौपाडा :
ऐरोलीचे दादा, तोल जातोय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, डोस बदलता येतो. गोळी मनाने बंद मात्र करू नका. दुखणं इतकं लांबलंय तर पेन क्लिनिकलाही दाखवा. २०२३पासून आपल्याकडे पन्नाशीपुढच्यांसाठी लस मिळते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे, आणि आत्ताचं दुखणं तिने जाणार नाही, पुन्हा होऊ नये म्हणून आहे. आईला कधी द्यायची ते विचारलंय. बाबांचंही विचारून ठेवा.