स्कॉटलंडमधला जुना मॅन्स: बांधला कधी, आणि भिंतीला लोणा का?

सदाशिवपेठी: स्कॉटलंडच्या ईशान्येकडच्या एका खेड्यातल्या मॅन्सचे, म्हणजे चर्चच्या पाळकाच्या घराचे, फोटो आणि मोजमापं हाताशी आहेत. दुमजली, समोर तीन खण, मधोमध दार, दोन्ही टोकांना धुराडी, डबराच्या दोन फुटी भिंती. वरची डावी खिडकी दगडाने बुजवलेली. एवढ्याशा गावात आणखी एक मॅन्स आहे, तो का? बांधल्याचं साल कुठे मिळेल? आणि बाहेरचा गिलावा धडधाकट असून आत खिडक्यांखाली लोणा (क्षारांचा पांढरा थर) का फुटतो? वाड्यांची कामं केलेल्यांनी सांगावं.

दफ्तरखाना: साल घरावर शोधू नका, हिशेबात शोधा. मॅन्स बांधायचा खर्च चर्चचा नसे, पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, जमीनदारांचा असे. त्यांना हेरिटर म्हणत. १६६३च्या कायद्याने खर्चाची हद्द घातली: किमान ५०० मर्क (जुनं स्कॉटिश चलन), कमाल १००० स्कॉटिश पौंड. आकड्याने दबू नका; १२ स्कॉटिश पौंडांचा १ इंग्लिश पौंड, म्हणजे जेमतेम ८३ पौंड. पैसे देणारा एक आणि राहणारा दुसरा, त्यामुळे दुरुस्तीवरून तंटे ठरलेलेच. प्रेस्बिटरी (त्या भागातल्या चर्चांची पंचायत) गवंडी-सुतार घेऊन पाहणी करी, अंदाजपत्रक काढी, आणि हेरिटर घासाघीस करत. ही भांडणं आपल्या फायद्याची, कारण त्यातच मापं आणि दर लिहिलेले सापडतात. एडिंबरातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात हेरिटरांची दप्तरं ‘एचआर’ क्रमांकाखाली आहेत, प्रेस्बिटरीची ‘सीएच२’खाली. १७९१-९९चा स्टॅटिस्टिकल अकाउंट, म्हणजे पॅरिशवार माहितीचा संग्रह, तोही बघा. त्यातली पॅरिशची माहिती बहुतेक ठिकाणी पाळकानेच लिहिलेली, तेव्हा स्वतःच्या गळक्या छपराबद्दल तो गप्प बसेलच असं नाही.

दुसऱ्या मॅन्सचं कारण बहुधा १८४३. त्या वर्षी साडेचारशेहून जास्त पाळक चर्च ऑफ स्कॉटलंड सोडून बाहेर पडले. घर आणि ग्लीब (आपल्या देवस्थान इनामासारखी पाळकाची जमीन) दोन्ही गेलं. नव्या फ्री चर्चने वर्गणी काढून स्वतःची चर्चं आणि मॅन्स उभारले. हेरिटरांच्या डोक्यावरचं ओझं १९२५च्या कायद्याने उतरलं, १९२९ला फुटलेल्या चर्चांचं मोठं विलीनीकरण झालं आणि जादा मॅन्स विकले गेले. ‘ओल्ड मॅन्स’ नावाची खासगी घरं तिथे जागोजागी दिसतात ती यामुळे.

चुन्याची घाणी: बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच खिडकीपट्टीचं, म्हणजे खिडक्यांवरच्या जुन्या कराचं, नाव घेतात. आधी आतून बघा. भिंतीच्या आतल्या अंगाला कोनाडा किंवा खिडकीची चौकटच नसेल, तर ती दर्शनी बाजू सारखी दिसावी म्हणून पहिल्यापासूनच खोटी बांधलेली.

आता लोणा. तुमचा धडधाकट गिलावा सिमेंटचा आहे, पैज लावतो. मूळचा हार्लिंग, म्हणजे खडी मिसळून भिंतीवर फेकून मारलेला चुना. तो पाणी पितो आणि वाऱ्याबरोबर सोडतो. सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. मग ते क्षार घेऊन आतल्या बाजूला फुटतं. पेठांतल्या वाड्यांवर सिमेंट थापल्यावर नेमकं हेच होतं. फरक एवढाच, की स्कॉटलंडात थंडीत अडकलेलं पाणी गोठून दगडाचे पापुद्रे काढतं.

पण गिलाव्याला हात लावण्याआधी पन्हळी आणि पावसाचे नळ बघा. मग बाहेरची जमीन: पिढ्यान्‌पिढ्या माती चढत जाते. ती आतल्या फरशीपेक्षा निदान १५० मिमी खाली आणा. तळमजल्याच्या लाकडी फरशीखालची हवेची भोकं मोकळी करा, नाहीतर तुळयांना बुरशी लागेल.

सदाशिवपेठी: आभार. सिमेंट सगळंच काढायचं का?

चुन्याची घाणी: आधी हातभर तुकडा छिन्नीने काढून बघा. दगडाचा दर्शनी थर सोबत उचकटून येत असेल तर थांबा. सुटत असेल तर भिंत वाळू द्या. अशी जाड भिंत वाळायला काही महिने जातात. नंतर १ भाग नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्यातही घट्ट होणारा) चुना, सुमारे ३ भाग वाळू-खडी, पातळ दोन थर, वर चुन्याची सफेदी. काम दंव पडायचं थांबल्यावरच, आणि थर ओल्या गोणपाटाखाली ठेवून सावकाश वाळवायचा. तिथे ‘लिस्टेड’ (वारसा म्हणून संरक्षित यादीतलं) घर असेल तर परवानगी आधी.

कौलारू: छपराचाही फोटो टाका. स्कॉटिश स्लेट (छपरावरच्या दगडी पाट्या) जाड, ओबडधोबड. खाली मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या ओळी. सगळ्या पाट्या पातळ आणि एका मापाच्या असतील तर बहुधा नंतर घातलेली वेल्श, म्हणजे वेल्सची. घसरलेल्या पाट्या फेकू नका. बहुतेक वेळा पाटी शाबूत असते, खिळा गंजलेला असतो. बॅलाहुलिशची स्कॉटिश स्लेटची खाण १९५५ला बंद झाली, त्यामुळे जुळणारी पाटी जुन्या मालातूनच शोधावी लागते.