'तो तुझाच आवाज आहे' असं पेशंटला सांगावं का?

पंचवटीची_ताई
माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. पहिली दोन वर्षं वणीच्या आणि त्र्यंबकच्या वाऱ्यांत गेली. कुणी 'बाहेरचं आहे' म्हणालं, कुणी आईनेच लाडावून ठेवला म्हणालं. गोळ्यांनी खूप फरक पडला, पण दोन बायका त्याच्याबद्दल आपसांत बोलतात असं त्याला ऐकू येतं, ते अजून थांबलेलं नाही. परवा मिक्सर चालू होता, तर दादा कानात कापूस घालून ओट्याला टेकून उभा. म्हणाला, "घरघर सुरू झाली की त्यांना जोर चढतो."

हल्ली एक गोष्ट वाचली आणि वाटलं, ही आम्हाला आधी का कुणी सांगितली नाही! आपण बोलतो तेव्हा मेंदू तोंडाला हुकूम देतो आणि त्याच हुकमाची एक प्रत ऐकण्याच्या केंद्राकडे धाडतो, की आता येणारा आवाज आपलाच आहे. म्हणून स्वतः 'आ' म्हणताना ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, साधारण १०० मिलिसेकंदांनी उठणारी लाट लहान असते. तोच 'आ' रेकॉर्ड करून ऐकवला तर ती मोठी येते. अमेरिकेत ज्युडिथ फोर्ड आणि डॅनियल मॅथलॉन यांनी दाखवलं, की स्किझोफ्रेनियात हा फरक कमी होतो. विचार करतानाही अशीच प्रत जात असावी आणि तिथे चूक झाली तर स्वतःचा विचार परका वाटत असावा, ही कल्पना आयर्विन फाइनबर्ग यांनी १९७८ मध्येच मांडली होती.

माझं मत स्पष्ट आहे. हे पेशंटला आणि घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं. यात बाहेरचं काही नाही आणि आईचा दोषही नाही.

सातपूर_शिफ्ट
ताई, माझा पूर्ण विरोध. मी स्वतः आवाज ऐकतो. मला एका जाणकाराने हेच सांगितलं होतं, "तो तुझाच आवाज आहे." त्या रात्री मी जेवलो नाही. म्हणजे माझ्या बहिणीबद्दल जे घाण ऐकू येतं, ते मीच बोलतो? जी शिवी जन्मात माझ्या तोंडून गेली नाही, ती माझी? तुमच्या आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवून तुम्ही ते दादाच्या डोक्यावर ठेवताय.

ईईजीवाली
मी मानसशास्त्र शिकते, म्हणून थोडं. ताईंनी प्रयोग बरोबर सांगितला, पण तो तोंडाने बोलण्यावरचा आहे. दादांना आवाज येतात ते गप्प असताना. ही उडी मोठी आहे. शिवाय हा फरक गटांच्या सरासरीतला आहे. आवाज न ऐकणाऱ्या पेशंटांतही तो सापडतो, त्यामुळे एकट्या माणसाचा आलेख बघून काही ठरवता येत नाही.

तरी कल्पना पोकळ नाही. १९९३ मध्ये लंडनच्या फिलिप मॅग्वायर आणि सहकाऱ्यांना आवाज ऐकू येत असतानाच ब्रोकाच्या भागात, म्हणजे बोलणं घडवणाऱ्या भागात, रक्तप्रवाह वाढलेला दिसला होता.

आणि सातपूर, प्रत हरवली म्हणजे मजकूर तुमची इच्छा किंवा तुमचं मत ठरत नाही. 'तुझाच आवाज' हे वाक्यच चुकीचं आहे. 'मेंदूची खूण पडायची राहते' असं म्हणता येईल.

देवळाली_आजोबा
मी ताईंच्या बाजूचा. माझ्या मुलाच्या वेळी नातेवाइकांनी हिला, माझ्या पत्नीला, बारा वर्षं बोल लावले. ती गेली तीही स्वतःला दोष देतच. हे तेव्हा एका माणसाने समजावलं असतं तर? वाक्य बदला, पण सांगा.

सातपूर_शिफ्ट
आजोबा, घरच्यांना सांगा, जरूर सांगा. पेशंटला मात्र आधी विचारा, ते काय बोलतात आणि कधी बोलतात. मला नऊ वर्षांत हे फक्त एका बाईंनी विचारलं.

पंचवटीची_ताई
जेवला नाहीत हे वाचून कसंतरी झालं. मी दादाला ते वाक्य अजून बोलले नव्हते आणि आता बोलणारही नाही. पण आज तुमचं ऐकून त्याला विचारलं, कधी येत नाहीत? लगेच म्हणाला, "क्रेट मोजताना." तो सीझनला द्राक्षाच्या पॅकहाउसवर असतो, क्रेट मोठ्याने मोजतो. तेवढा वेळ त्या बायका गप्प असतात. मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

ईईजीवाली
हे ऐकून बरं वाटलं. १९९० च्या एका अभ्यासात हळू गुणगुणल्याने आवाज कमी झाल्याचं नोंदलं आहे. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, हे सगळ्यांसाठीच.

सातपूर_शिफ्ट
मनात मोजून मला कधी उपयोग झाला नाही. दादा अगदी मोठ्याने मोजतात का? आकडा म्हणतात की नुसतं 'एक झाला, दोन झाले'?

पंचवटीची_ताई
विचारलं. आकडाच. शेजारच्या लाइनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि शंभर झाले की पुन्हा एकपासून.