प्रवेश दोन ठिकाणी मिळाला, आता जायचं कुठे? (नाट्यशिक्षण : अनुभव हवेत)

भुसावळचा मामा
नमस्कार मंडळी. भाची यावलची, यंदा बारावी झाली. तिला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बीए नाट्यला आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात बीपीए (बॅचलर ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स) नाट्यला, दोन्हीकडे प्रवेश मिळालाय. बडोद्याला फी भरायला पाच दिवस उरलेत, पुण्याला थोडे जास्त. घरात तट पडलेत. माझे मेहुणे तिसऱ्याच तटात, त्यांचं म्हणणं डीएड करावं.

प्रवेश कसा मिळवायचा ते नकोय, तो मिळालाय. दोन पत्रं हातात असताना तुम्ही कसं ठरवलंत आणि नंतर काय वाटलं, तेवढं सांगा. आपल्या खानदेशातल्यांनी तर नक्कीच लिहा.

नंदुरबारी
मामा, मी बडोद्याला शिकलो. ठरवलं काय, रेल्वेनेच ठरवलं म्हणा. नंदुरबारहून सुरतेची गाडी, सुरतेला बदलून बडोदा. पुण्याचा प्रवास त्या मानाने मोठा आणि वडिलांच्या दुकानाचा अर्धा माल सुरतेचाच, त्यामुळे घरच्यांना तिकडची भीती नव्हती. शिवाय आजोबांचं पालुपद होतं की सयाजीराव मूळचे कौळाण्याचे, मालेगावकडचे, म्हणजे आपल्या वेशीवरचेच. बडोद्यातली संगीत पाठशाळा 1886 सालची, त्यातूनच पुढे आजची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली.

कोर्स चार वर्षांचा, हे आधी नीट लक्षात घ्या. पुण्याच्या बीएपेक्षा एक वर्ष जास्त, म्हणजे एक वर्षाचं भाडं आणि खानावळही जास्त. पण त्या चार वर्षांत मी प्रकाशयोजना शिकलो, सेट बांधला, पोशाख शिवले. पोट आज त्यावरच चालतं, अभिनयावर नाही.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. वर्गात गुजराती-हिंदी-इंग्रजी मिसळून चालायचं. नंदुरबारच्या माणसाला गुजराती कानावर असतेच, मला अडचण आली नाही. पण चार वर्षांनी मुंबईत मराठी नाटकाच्या तालमीला गेलो तेव्हा ओळखीचं एक माणूस नव्हतं. पुण्याची पोरं एकमेकांना हाका मारत होती, मी कोपऱ्यात बॅग धरून. दोन वर्षं गेली ती भरून काढायला. भाचीला मराठीतच काम करायचं असेल तर हे मोजा.

शेवभाजी
ताईला विचारलं का कोणी, तिला कुठे जायचंय?

भुसावळचा मामा
विचारलं. ती म्हणते, "मामा, दोन्हीकडे." असो.

अमळनेरची लेक
माझी निवड वेगळी होती : एकीकडे ललित कला केंद्र, दुसरीकडे मुंबईतली एक खासगी ॲक्टिंग ॲकॅडमी. एक वर्षाचा कोर्स, गुळगुळीत माहितीपत्रक, त्यात मालिकांमधले चेहरे. तिथल्या बाईंनी काउन्सेलिंगला सांगितलं, "गावाकडचा टोन तीन महिन्यांत काढून टाकू." मला तेव्हा ते आश्वासनच वाटलं, अपमान नाही. पुण्याला गेले ते फी कमी होती म्हणून, तत्त्व वगैरे काही नव्हतं. हे प्रामाणिकपणे लिहितेय, कारण नंतर सगळे आपल्या निर्णयाला गोंडे लावतात.

पहिल्या सत्रात वाचिकाच्या, म्हणजे आवाज-उच्चाराच्या तासाला "काळा कावळा" म्हणायचं होतं. मी म्हटलं "काया कावया". वर्ग हसला. आपल्याकडे ळ चा य होतो, हे मला स्वतःला तोवर ठाऊक नव्हतं! सरांनी हसणाऱ्यांना थांबवलं नाही की मला दुरुस्तही केलं नाही. म्हणाले, उद्या घरची एखादी गोष्ट अहिराणीत सांग. मी आपल्या कानबाईच्या सणाच्या रोटांची सांगितली, आजी दळायला बसते तिथपासून. सांगताना खांदे खाली आले, श्वास पोटातून यायला लागला. मग तोच श्वास प्रमाण मराठीत आणायला वर्ष लागलं. ळ आता येतो. घरी आले की जातो.

मामा, एक करा. फी भरायच्या आधी एक दिवस तिला घेऊन जा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. प्राध्यापकांना नको. त्यांना विचारा की यंदा किती प्रयोगांत स्टेजवर होतात आणि तालीम रात्री किती वाजता सुटते. दुसरा प्रश्न मुलीच्या आईसाठी आहे, पण उत्तर तुम्हालाच कळायला हवं. आमच्याकडे प्रयोग जवळ आला की खोलीवर जाणं म्हणजे फक्त झोपायला.

धुळ्याचा बाप
मी कलाकार नाही, पावत्या सांभाळणारा माणूस आहे. मुलाला आधी एका खासगी विद्यापीठात जागा मिळाली, घाईत पूर्ण वर्षाची फी भरली. दहा दिवसांनी सरकारी विद्यापीठाची यादी लागली, त्यात नाव. पहिल्यांनी सांगितलं, फी परत मिळत नाही, आणि मूळ टीसी-मार्कशीटही अडकवून ठेवली.

नंतर कळलं की यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 2018 सालचा नियम होता. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 किंवा जास्त दिवस आधी नाव काढलं तर पूर्ण फी परत, त्यातून प्रक्रिया खर्च जास्तीत जास्त 5 टक्के किंवा 5000 रुपये, जे कमी असेल ते. 15 पेक्षा कमी दिवस आधी असेल तर 90 टक्के. तारखेनंतर 15 दिवसांत 80, तीस दिवसांपर्यंत 50, पुढे काही नाही. आणि मूळ कागद अडकवून ठेवायची संस्थेला परवानगीच नाही. मी नियम जोडून ईमेल केला, प्रत कुलसचिवांना. पैसे आले, पण तीन महिने फोन केल्यावर. यंदाचं परिपत्रक मात्र नव्याने बघून घ्या, तारखा वर्षागणिक बदलतात.

हे विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉलेजांना लागू आहे. अमळनेरच्या ताईने सांगितली तशी ॲकॅडमी कुणाशी संलग्न नसेल तर तिथे यूजीसी काही करू शकत नाही. म्हणून पावतीवर पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव आहे का ते वाचा.

चोपड्याचा
मला बारावीनंतर थेट दिल्ली हवी होती. एनएसडीला (राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला) पदवी लागते हे फॉर्म बघितल्यावर समजलं, इतका मी हुशार. मग गावात साधं बीए केलं, दरवर्षी एकांकिका बसवल्या, आणि एमएला मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये गेलो. तेव्हा पुण्याचाही पर्याय होता. मुंबई घेतली कारण रोज संध्याकाळी कुठे ना कुठे प्रयोग बघायला मिळेल म्हणून. मिळालेही, पण प्रयोग बघून कलिन्याला, विद्यापीठाकडे परतताना रात्रीच्या लोकलमध्ये उभं राहून पाय गेले आणि खोलीच्या भाड्यापायी दुसऱ्या वर्षी एका कॅफेत कामही केलं. तिच्याकडे वेळ आहे, बारावीच झालीय.

जळगाव-संभाजीनगर एसटी
उशिरा लिहितेय. मला पुणे मिळालं होतं, मी संभाजीनगर घेतलं. आईचं डायलिसिस चालू होतं. एसटीने अजिंठ्याचा घाट चढून चारेक तासांत घर ते हॉस्टेल, निरोप आला की त्याच दिवशी घरी. तिथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकले, चांगलं शिकले. अप्पा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "नाटकनी डिग्री लिसन काय करशी?" आज शाळेत नाट्य शिकवते आणि राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर आमचा संघ उतरवते. अप्पा पहिल्या रांगेत बसतात आणि मध्यंतरात चहावाल्याला सांगतात, पोरगी मन्ही.

पुण्याला गेले असते तर काय झालं असतं, हा विचार येतो. दरवर्षी निकालाच्या दिवशी येतोच.

भुसावळचा मामा
सगळ्यांचे आभार. शनिवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला निघतोय, भाची आणि तिची आई सोबत. बडोद्याला तारीख वाढवून मागणारा मेल टाकलाय, उत्तर नाही. टीसीच्या दहा झेरॉक्स काढल्या, मूळ प्रत माझ्याच पिशवीत राहील. मेहुणे यायला तयार नव्हते, पण काल रात्री विचारत होते की विद्यापीठाच्या कॅन्टीनला जेवण कसं असतं.

अमळनेरच्या ताई, तिसऱ्या वर्षाचं कोणी ओळखीचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.