फेंडर घरी रोल करावे की गॅरेजात? माझं मत : घरीच

धागाकर्ता

गाडीची उंची थोडी कमी केली, रुंद टायर टाकले आणि पहिल्याच खड्ड्यात मागून 'खर्र' आवाज आला. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांच्या तो चांगला ओळखीचा असेल. फेंडर म्हणजे चाकावरचा पत्रा. चाकाच्या कमानीवर तो आतल्या बाजूला दुमडलेला असतो, दहा-पंधरा मिलिमीटरची कड. सस्पेन्शन दबलं की टायरचा खांदा तिच्यावर घासतो आणि ती सुरीसारखी रबर कापत जाते. ही कड वर वळवून पत्र्याला आतून टेकवायची, याला फेंडर रोल करणं म्हणतात. कमान बाहेर ओढून रुंद करणं हा निराळा प्रकार, तो इथे नको.

हे काम घरीच करावं असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण पैसे वाचवणं हे नाही. कारण आहे वेळ.

आधीच्या गाडीचं काम मी गॅरेजात दिलं होतं. कारागिराचा हात चांगला होता, पण मागे आणखी तीन गाड्या खोळंबलेल्या. चारही कमानी तासाभरात उरकल्या. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं तर मागच्या डाव्या कमानीवर पत्र्याला लाट आलेली. डोळ्यांना एकवेळ चुकेल, पण हात फिरवला की बोटांना लगेच लागायची. पुढे काही महिन्यांनी तिथेच रंगाला केसाएवढी चीर पडली.

आत्ताच्या गाडीचं मी स्वतः केलं. रोलर भाड्याने आणला. चाक काढून तो हबवर, म्हणजे चाक जिथे बोल्टने बसतं त्या भागावर, बसवायचा, दांड्याच्या टोकाला पॉलियुरेथेनचं चाक असतं. गाडी स्टँडवर असली की हब खाली लोंबतो आणि रोलरचा फिरण्याचा घेर कमानीच्या गोलाईशी जुळत नाही, म्हणून खालून दुसरा जॅक लावून हब थोडा वर घेतला. मग हीट गनने कड तापवायची, साधारण ५० ते ६० अंश. बोट टेकवता येतं पण ठेववत नाही, इतपत. एक फेरी मारायची, रोलर अर्धा आटा वर घ्यायचा, पुन्हा तापवायचं, पुन्हा फेरी. रंग गार झाला की थांबायचं, कारण गार रंग ताण सोसत नाही, तडकतो. एका कमानीला मला दीड तास लागला. पत्र्याला लाट नाही, रंगाला चीर नाही. एवढा वेळ कुठलं गॅरेज देईल?

प्रतिसाद १

मी डेंटिंग-पेंटिंगच करतो. तुमचं तापवण्याचं वर्णन अगदी बरोबर आहे, पण मताशी असहमत. पुढचा फेंडर आणि मागचा क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, तुम्ही एकाच मापाने मोजताय, आणि सगळी गडबड तिथेच आहे.

पुढचा फेंडर बोल्टवर असतो. अगदीच वाट लागली तर काढून दुसरा बसवता येतो. मागचा पॅनल म्हणजे बॉडीच. शिवाय तिथली कड बहुतेक गाड्यांत एकेरी नसते. बाहेरचा पत्रा आणि आतलं व्हील हाउसिंग (चाकाच्या खोबणीचा पत्रा) अशा दोन पत्र्यांच्या कडा तिथे एकत्र येतात, स्पॉट वेल्डने जोडलेल्या, आणि सांधा सीलंटने बंद केलेला. तुम्ही कड वळवली की ते सीलंट फाटतं. बाहेरून रंग झकास दिसतो. आत मात्र पाणी आणि चिखल शिरायला वाट झालेली असते. काही वर्षांनी कमानीवर रंगाखाली वाटाण्याएवढा फोड येतो. मालक म्हणतो, छोटासा गंज आहे, घासून द्या. आम्ही पेचकस टेकवला की तो आरपार जातो. मग तेवढा भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करावा लागतो. अशा कमानी मी हाताने कापल्यात, म्हणून कळकळीने लिहितोय.

दुसरं, जुन्या गाडीला आधी कुठे पुट्टी भरली आहे हे घरी कसं कळणार? पुट्टी वळत नाही, तुटते. आम्ही रोलर लावण्याआधी रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर फिरवतो. शंभर ते दोनशेच्या आसपास आकडा आला तर बहुधा कंपनीचा रंग. पाचशेच्या पुढे गेला की त्या कमानीला आधी हात लावायचा नाही, मालकाशी बोलायचं. ॲल्युमिनियमचा फेंडर असेल तर आणखीच जपावं लागतं, तो स्टीलइतकं वळणं सोसत नाही.

धागाकर्ता

मागच्या सांध्याचा मुद्दा मान्य. धाग्यात यायला हवा होता, आला नाही. मी कड वळवल्यावर ब्रशने सीम सीलर (सांधा बंद करायचं सीलंट) लावला होता आणि आतून मेण फवारलं होतं, पण ते एका जाणकाराने सांगितलं म्हणून. सांध्याचा विचार करून नव्हे.

एक मात्र विचारतो. माझ्या आधीच्या गाडीला गॅरेजने काहीच लावलं नव्हतं, नुसतं वळवून परत दिली. तुमच्याकडे सील करून देतात का? आणि रंग तडकला तर जबाबदारी कोणाची?

प्रतिसाद १

मी सील करून देतो. सगळेच देत नाहीत, हे खरं आहे. गाडी देतानाच विचारून घ्यावं. रंगाची हमी मात्र मीही देत नाही, आणि तसं आधी स्पष्ट सांगतो. रंग किती जुना आहे, खाली काय आहे, हे पूर्णपणे कोणालाच दिसत नाही. फरक एवढाच, की तडकला तर मी तो भाग तिथल्या तिथे नीट करू शकतो. घरी केलेल्या माणसाला तीच गाडी घेऊन शेवटी कोणाकडे तरी जावंच लागतं.

प्रतिसाद २

रंगाबद्दल बरंच झालं, मी जिवाबद्दल लिहितो. मीही घरीच करायला घेतलं होतं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागचा भाग स्टँडवर. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांनाच असतो, त्यामुळे ती चाकं जमिनीवरून उचलली की त्याचा काही उपयोग उरत नाही. हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी डोक्यात आलं नाही. पुढच्या चाकांना अडण लावली नव्हती. रोलरच्या दांड्यावर अंग टाकलं आणि गाडी चार बोटं पुढे सरकली. एक स्टँड तिरका होऊन थांबला. माझा खांदा तेव्हा कमानीच्या आत होता.

या कामात आपण गाडीला सतत आडवं ढकलत असतो. तेल बदलताना स्टँडवर असा जोर येत नाही. गॅरेजात लिफ्ट असते, जमीन सपाट असते, हाक मारायला दुसरा माणूस असतो. माझं मत गॅरेजच्या बाजूने.

आणि रोलर नाही म्हणून टायर आणि कडेच्या फटीत लाकडी दांडा घालून गाडी पुढे-मागे ढकलायची, ही युक्ती अजूनही सांगितली जाते. कृपया करू नका. दांड्याचा दाब कुठे किती पडतोय यावर ताबाच राहत नाही. मित्राच्या गाडीची कड वळली, सोबत बाहेरचा पत्राही मधोमध फुगला.

प्रतिसाद ३

पण मुळात रोल करायची गरज आहे का, हे कोणी तपासलंय? कडेला मास्किंग टेप लावा, गाडीत मागे माणसं बसवून फिरून या, टेप कुठे फाटली ते बघा. कितीतरी वेळा पत्र्याची कड शाबूत असते आणि लाइनरचा, म्हणजे चाकाच्या कमानीतल्या आवरणाचा, स्क्रू किंवा बंपरचा प्लास्टिकचा कान घासत असतो. तो स्क्रू हलवला की काम झालं. प्लास्टिक तर रोल होतच नाही.

रिम अजून घ्यायचे असतील तर ऑफसेट बघा, म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू त्याच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते. ३५ ऐवजी ४५ ऑफसेटचा रिम घेतला तर चाक १० मिलिमीटर आत जातं. आतून सस्पेन्शनला लागत नाही ना, एवढं आधी मोजायचं. टायर २२५ चा २१५ केला तर प्रत्येक बाजूला साधारण ५ मिलिमीटर मोकळे होतात. स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावले असतील तर आधी ते काढा. वळवलेला पत्रा पुन्हा होता तसा होत नाही.

धागाकर्ता

माझ्या गाडीत टेप पत्र्यावरच फाटली होती, दोन्ही मागच्या कमानींवर, वरच्या भागात. तपासूनच केलं.

पहिला प्रतिसाद वाचल्यापासून चैन पडेना, म्हणून आज दोन्ही मागची चाकं काढली, लाइनर सोडवला आणि टॉर्च घेऊन आत बसलो. अडण लावून. उजवीकडे सील शाबूत आहे. डावीकडे कमानीच्या माथ्यावर, जिथे मी सगळ्यात जास्त फेऱ्या मारल्या होत्या, सीलर सांध्यापासून सुटलाय. नख जाईल एवढी फट, लांबी बोटभर. गंज अजून दिसत नाही, पण माती आहे. बाहेरून याचा मागमूस नाही.

तेव्हा मत थोडं बदलतो. पुढचे फेंडर मी पुन्हा घरीच करीन, वेळ घेऊन. मागचे करायचे झाले तर ज्याला आतला सांधा बघता येतो आणि बंद करता येतो अशाच माणसाकडे देईन, आणि तो तासाभरात उरकणार असेल तर गाडी परत घेऊन येईन. ही फट आता कशी बंद करू?

प्रतिसाद १

जुना सुटलेला सीलर आधी पूर्ण खरवडून काढा. पाण्याने धुवा, माती सगळी निघू द्या. मग घाई करू नका. दोन दिवस कोरड्या जागी ठेवा, आतली ओल गेली पाहिजे. ओल्या सांध्यावर सील लावलं तर पाणी आतच कोंडतं. त्यानंतर उघड्या पत्र्याला प्रायमर, त्यावर सीम सीलर, तो सुकला की मेण. वाळवायला हीट गन वापरणार असाल तर कमी आचेवर आणि लांबून. त्याआधी इंधनाची टाकी भरायचं झाकण गाडीच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. त्या बाजूच्या लाइनरमागून इंधनाचा पाइप जातो. तुमच्या गाडीत ती बाजू डावी असेल तर हीट गन आणूच नका, पंखा लावून ठेवा.